घराण्याचा शोध घेणाऱ्यासाठी आहेर

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत एक प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला आहे. पणजोबांचे नाव काय, आणि ते कोणत्या कागदावर सापडेल? सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि वर्षानुवर्षे गाठ न सुटलेली दप्तरे कचेऱ्यांच्या टेबलांवर आली. मोडी वाचता येणाऱ्या माणसाला शोधत लोक फिरू लागले. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ लिहून देण्याची रीत त्याआधीपासूनची आहे. इतर मागासवर्गासाठी १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १९५० च्या आधीचा. त्यामुळे शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या साध्या शेतकरी घरातल्या तरुणालाही आज ‘कोतवाल बुकाची नक्कल’, ‘जनरल रजिस्टरचा उतारा’, ‘जुना फेरफार’ हे शब्द तोंडपाठ झाले आहेत.

दाखला हातात पडला की बहुतेकांचा शोध थांबतो. काहींचा मात्र तिथूनच सुरू होतो. पणजोबांचे नाव सापडले, मग ते या गावात कधी आले, कुठून आले, त्यांच्या बहिणी कुठल्या गावी दिल्या, घरातला एक भाऊ मुंबईला गेला तो परत का आला नाही, हे प्रश्न दाखल्याला नको असतात, पण माणसाला सोडत नाहीत. अशा छंदाला लागलेली एक तरी व्यक्ती आज प्रत्येक भावकीत दिसते. ती सुट्टीच्या दिवशी गावी जाते, म्हाताऱ्यांच्या शेजारी बसते, जुन्या लग्नपत्रिका मागते. घरचे कौतुक करतात आणि मनातल्या मनात विचारतात की हिला मदत कशी करावी. निवृत्ती, एकसष्टी, लग्नाचा वाढदिवस, दिवाळी. निमित्त कोणतेही असो, अशा माणसाला द्यायचे काय? ही पुस्तिका त्या मदत करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

बाजारात याचे एक तयार उत्तर मिळते. खोडावर फांद्या, फांद्यांवर चौकोन, चौकोनांत फोटो, अशी वंशवृक्षाची सुबक चौकट. ती भिंतीवर छान दिसते, पण शोधणाऱ्याला ती देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडची घराणी त्या चौकोनांत मावत नाहीत. पहिली बायको गेल्यावर तिच्याच धाकट्या बहिणीशी झालेले लग्न, पाट लावून आलेली बाई, चुलत्याच्या मांडीवर दत्तक बसलेला मुलगा, नाव ठेवायच्या आधीच गेलेली बाळे, मामाकडेच वाढून तिथलाच झालेला भाचा. यांना त्या चौकटीत जागा नसते. आणि जागा नसली की माणूस नकळत त्यांना वगळतो. घराण्याचा इतिहास लिहिताना सर्वांत मोठी चूक होते ती इथे. कागदांनी ज्यांना आधीच वगळले आहे, त्यांना आपणही वगळतो. म्हणून भेट निवडताना मी एकच कसोटी सुचवीन. या भेटीमुळे कागदावर नसलेल्या माणसांपर्यंत पोचायला मदत होते का, ते पाहावे.

ही कसोटी मला याच मातीने दिली. शिरूर आणि दौंडचा इतिहास हा बऱ्याच अंशी कागदांचा इतिहास आहे. कागद कुणाच्या ताब्यात होते आणि ते कुणाच्या विरोधात वापरले गेले त्याचा. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने देशमुखांवर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला, त्यांची मिळकत घेतली आणि राहते घर पाडायला काढले. गावाने त्या सावकारावर बहिष्कार टाकला. ती धग पसरत गेली आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात भडका उडाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंड तालुक्याचा मुलूखही त्याच भीमथडीत मोडत असे. जमलेल्या कुणब्यांनी सावकारांकडून मागितल्या त्या वह्या आणि कर्जखते. ती हाती आली की जाळली. माणसांना मारण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर सारा भर होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या या उठावाला इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. ज्या खतांवर आपल्या आजोबा-पणजोबांचे अंगठे आणि नांगराच्या निशाण्या होत्या, ती खते आपल्याच माणसांनी जाळली, आणि त्यांना ती जाळावीशी का वाटली हे समजून घेतल्याशिवाय या भागातल्या कुठल्याही घराण्याची हकीकत पुरी होत नाही.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात गावोगावच्या रजिस्ट्रारसमोर शेतकऱ्याचे खत लिहिले जावे अशी तरतूद होती. म्हणजे ज्या वर्षांचे कागद जळाले त्याच्या थोड्याच पुढे अधिक नीट नोंदले गेलेले कागद सुरू होतात. आपल्या घरी एखादे त्या काळचे खत निघाले तर त्यातली रक्कम पाहून थांबू नये. साक्षीदार कोण, जामीन कोण, चतुःसीमेला कुणाची शेते आहेत, तेही उतरवून घ्यावे. साक्षीला उभा राहणारा माणूस सहसा मेहुणा, व्याही किंवा शेजारचा भाऊबंद असतो.

सरकारी दप्तराचा ओघ वेगळा. इंग्रजी अंमलातली नवी मोजणी शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवली आणि पुढे ती पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. तेव्हापासून जमीन कुणाच्या नावावर हे सलग लिहिले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्कनोंदणी आली आणि तिच्याबरोबर फेरफाराचे रजिस्टर. घराण्याच्या शोधात फेरफारासारखे साधन नाही. सातबारा आजचा मालक सांगतो. फेरफार सांगतो की आधीचा मालक कधी वारला, मागे कोण कोण राहिले, वाटणी कशी झाली. जुन्या फेरफारांच्या आणि सातबारांच्या स्कॅन केलेल्या प्रती आता सरकारच्या अभिलेखांच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून मिळतात. जिथे मिळत नाहीत तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो.

या वाटेवर एक अडथळा असा आहे की तो माहीत नसल्याने कित्येकांचा शोध अर्ध्यात तुटतो. १९४७ च्या कायद्याने जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गट नंबरावरून मागे जाणारा माणूस एकत्रीकरणाच्या वर्षाशी येऊन अडतो, कारण त्याआधीच्या कागदांत तो गट अस्तित्वातच नसतो. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाच्या जबाबाचा उतारा काढावा लागतो. त्यात जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ असतो. घरातल्या शोधकाला हा उतारा काढून, खाकी पाकिटात घालून दिला तर त्याला मिळणारा आनंद कोणत्याही घड्याळाने मिळणार नाही. त्याची कामाच्या दिवसाची रजा वाचते, खेप वाचते, आणि शोधाला एकदम साठ-सत्तर वर्षे मागे जाण्याची वाट मिळते.

हे कागद वाचण्याचीही एक रीत आहे. जुन्या नोंदीत आडनाव क्वचित असते. नाव, मग ‘बिन’, मग बापाचे नाव, मग हुद्दा किंवा जात. आडनाव कित्येकदा शाळेत घालताना मास्तरांनी लिहिले तेव्हा पक्के झाले, म्हणून एकाच भावकीत दोन आडनावे निघतात आणि दोन भावांची पोरे पुढे एकमेकांना परकी वाटतात. जन्मतारखेबद्दलही सावध राहावे. आधीच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो तो शाळा त्या महिन्यात सुरू होत म्हणून. खरी तारीख मिळाली तर ती जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात मिळेल. पेशवाईतल्या कागदावर शुहूर सन असतो. त्यात साधारण ५९९ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९०, शकात ७८. शुहूर आणि फसली ही दोन्ही वर्षे मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतात, तेव्हा महिना पाहूनच वर्ष ठरवावे. आणि हे सगळे मोडीत असते.

म्हणून मोडी शिकण्याची सोय करून देणे ही मला फार मोलाची भेट वाटते. पुण्यात १९१० साली वि. का. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालत आले आहेत. राज्याच्या पुराभिलेख खात्यानेही असे वर्ग घेतले आहेत. शिरूरहून किंवा दौंडहून पुणे दीड-दोन तासांवर. वर्गाची फी भरून द्यावी, आणि त्या दिवसांत घरची किंवा शेतावरची जबाबदारी आपण उचलावी. दुसऱ्याकडून वाचून घेणे स्वस्त पडते हे खरे, पण दुसरा माणूस आपल्याला हवे तेवढेच वाचतो. स्वतः वाचणाऱ्याला शेजारच्या ओळीतला आपला सोयरा दिसतो.

मोडी आली की पुण्याच्या पुराभिलेखागाराचे, म्हणजे पेशवे दप्तराचे दार उघडते. तिथे हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. ज्या घरात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, चौगुलकी किंवा इनाम होते त्यांनी इनाम कमिशनचे कागद आवर्जून पाहावेत. १८५२ च्या कायद्याने त्या कमिशनला इनामांची तपासणी करण्याचे अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियती आणि वंशावळी लिहून द्याव्या लागल्या. जप्तीच्या भीतीने लिहिलेल्या त्या वंशावळी आज शोधकाच्या उपयोगाच्या ठरतात. मात्र त्यात हक्क बळकट करण्यासाठी काही नावे गाळली किंवा घातली गेली असण्याचा संभव धरून चालावे.

आणि ज्यांच्या घरात वतन नव्हते, किंवा होते पण गावाने त्याला मान दिला नाही, त्यांचे काय? महार वतनाची नोंद गावदप्तरात असे. १८७४ च्या वतन कायद्यापासून १९५८ च्या कनिष्ठ वतने रद्द करणाऱ्या कायद्यापर्यंत पाळी कुणाची, वाटा कुणाचा, याचे कागद तयार होत गेले. बौद्ध समाजातल्या शोधकाने ते मागावेत. तो त्याचा हक्क आहे, आणि माहितीचा अधिकार त्याच्या बाजूला आहे. शिरूरचे एक वेगळेपणही इथे कामाला येते. घोडनदी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. तिथल्या जयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांतली ‘नाक’ या अखेरीची नावे पाहिली की ज्या समाजाला गावदप्तराने एका ओळीत गुंडाळले त्याच्या माणसांची नावे दगडावर स्वतंत्रपणे, एकेक करून उभी दिसतात. पहिल्या महायुद्धात गेलेल्या जवानांचा शोध घ्यायचा असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाची यादी विनामूल्य पाहता येते. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. तिथे पुण्याचे आणि गावाचे नाव जुन्या इंग्रजी वळणाने लिहिलेले असते, म्हणून एकच स्पेलिंग टाकून हार मानू नये.

आता बायकांकडे येतो, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे.

जमिनीचे कागद पुरुषांचे आहेत. शंभर वर्षांचे फेरफार वाचून काढले तरी एखाद्या आजीचे नाव सापडत नाही. तरीही दोन जागा अशा आहेत की तिथे ती डोकावते. नवरा तरुणपणी गेला आणि मुले लहान असली तर नोंदीत मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे येतात. अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून त्यापुढे आईचे नाव असते. ज्या बाईने मोडक्या संसारात पोरे वाढवली, जमीन राखली, तिच्या साऱ्या आयुष्याची सरकारी नोंद एवढीच. दुसरी जागा १९५६ नंतरची. हिंदू वारसा कायद्यानंतर बापाच्या मृत्यूची वारस नोंद होताना मुलींची नावे लागू लागली, आणि बहुतेक वेळा लगेच पुढच्या एखाद्या फेरफाराने, हक्कसोडपत्र करून, ती कमी झाली. त्या फेरफारात आत्यांची लग्नानंतरची नावे आणि सासरची गावे असतात. हक्क सोडल्याचा तो कागद वाचताना मला दर वेळी जड वाटते. पण आत्या कुठे दिल्या हे सांगणारा तो कित्येक घरांतला एकमेव लेखी पुरावा आहे, म्हणून तो जपून उतरवून घ्यावा.

याहून मोठा ठेवा घरातच असतो आणि त्याला कुणी ठेवा मानत नाही. तो म्हणजे लग्नातली आहेराची वही. मांडवाच्या कोपऱ्यात बसून कुणीतरी हिशेबी माणूस ती लिहितो. कुणी किती रुपये दिले, कुणी पातळ आणले, कुणी फेटा बांधला, कुणी तांब्या-पितळेचे भांडे दिले, आणि प्रत्येक नावापुढे गाव. परतफेड चुकू नये म्हणून ही वही ठेवतात. पण तिच्यात घराण्याचा सारा गोतावळा एका दिवशी, एका मांडवात हजर असतो. मामा, मावसे, आत्यांची घरे, विहिणीचे माहेर, सोयऱ्यांचे सोयरे. सातबाऱ्याने जी नाती पुसली ती आहेराच्या वहीने धरून ठेवली आहेत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अशा दोन-तीन वह्या हाती आल्या तर या भागातल्या एखाद्या कुटुंबाचे लग्नसंबंध कुठल्या वीस-पंचवीस गावांत फिरत होते त्याचा नकाशा काढता येतो. शिरूरकडच्या घरांचे सोयरे पारनेर, श्रीगोंद्यात निघतात. दौंडकडचे बारामती, इंदापूर, कर्जतकडे. जिल्ह्याची हद्द नात्यांना आड येत नाही, म्हणून नगर जिल्ह्याच्या दप्तरांनाही शोधात धरावे.

तेव्हा काकू, आत्या, मामी, जिच्याकडे अशी वही असेल तिने ती शोधणाऱ्या भाचीला द्यावी. मूळ द्यायला मन होत नसेल तर पानापानाचे फोटो काढू द्यावेत. मला ठाऊक असलेल्या सगळ्या भेटींत ही पहिल्या क्रमांकाची. आणि तिच्याबरोबर एक दुपारही द्यावी, कारण वहीत ‘बापू, न्हावरे’ एवढेच लिहिलेले असते. तो बापू कोणाचा कोण, हे सांगणारे माणूस सोबत हवे.

ज्या बायकांनी वही लिहिली नाही त्यांनी गायले. जात्यावरच्या ओव्यांत भावाचे नाव, माहेरचे गाव, नदी, जत्रा, मेलेल्या लेकराची आठवण सगळे येते. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावागावांतून अशा ओव्या गोळा करण्याचे काम सुरू केले. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहातल्या पुष्कळ ओव्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर गाव आणि गाणारणीच्या नावासह ऐकता येतात. आपल्या गावाचे नाव तिथे शोधून पाहावे. घरात अजून ओव्या आठवणारी आजी असेल तर चांगला ध्वनिमुद्रक ही उत्तम भेट. मोबाइल चालतो, पण मोबाइल वाजतो, भरतो, हरवतो, आणि आजीसमोर धरला की तिला संकोच होतो. छोटा स्वतंत्र ध्वनिमुद्रक बाजूला ठेवला की ती थोड्या वेळाने त्याला विसरते.

दौंड तालुक्यात केडगाव आहे, आणि केडगावशिवाय घराण्यांच्या इतिहासाची प्रस्तावना मला अपुरी वाटते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभे केले. रमाबाई १९२२ मध्ये तिथेच वारल्या. त्या मुली शिकल्या, छापखान्यात काम केले, काहींची लग्ने झाली, संसार झाले. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी वंशावळ काढायला घेतली तर ती त्या दुष्काळापाशी येऊन संपते. पलीकडे आईबापांची नावे असतातच असे नाही. अशा घरातल्या शोधकाला तयार वंशवृक्षाची चौकट भेट देणे म्हणजे त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे. त्याला रमाबाईंचे चरित्र द्यावे, त्या दुष्काळाचा इतिहास द्यावा, पणजी ज्या मुलखातून आली असेल त्या मुलखाचा जुना नकाशा द्यावा, आणि त्याच्यासोबत केडगावला जावे. वंश त्या एका मुलीपासून सुरू झाला असे त्याने ताठ मानेने लिहावे.

दौंड शहराची गोष्ट आणखी निराळी. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे आली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर हे जंक्शन झाले. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, फायरमन देशभरातून आले. अँग्लो-इंडियन, गोवेकर, तमिळ, तेलुगू, उत्तरेकडचे, सारे एका रेल्वे कॉलनीत. इथे सातबारा कुणाकडे? त्यांच्या वाटा म्हणजे नोकरीचे सेवापुस्तक, क्वार्टरचा नंबर, चर्चचे बाप्तिस्म्याचे रजिस्टर, कबरस्तानातले दगड, शाळेचा दाखला. परदेशी गेलेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांतली कुणी व्यक्ती दौंडचा धागा शोधत असेल तर ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची माहितीसूची विनामूल्य उघडता येते. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्या ‘फाइंडमायपास्ट’ या सशुल्क संकेतस्थळावर पाहता येतात. त्याची वर्षाची वर्गणी ही अशा माणसाला नेमकी उपयोगी भेट. दौंडचे नाव मात्र तिथे जुन्या इंग्रजी वळणाने, ‘धोंड’ असे शोधावे.

जुन्या घराण्यांना स्थलांतराचा माग कुलदैवतावरून लागतो. दौंडजवळच्या कुरकुंभची फिरंगाई, कवठे येमाईची येमाई, कान्हूर मेसाईची मेसाई, जेजुरीचा खंडोबा. कुळधर्माला कुठे जायचे यावरून मूळ गाव कुठल्या अंगाला ते कळू लागते. देवघरातले टाक मोजावेत, त्यांत वीराचा टाक असेल तर तो कुणाचा हे विचारावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत गावाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांच्या भेटी नोंदलेल्या असू शकतात. घरातल्या शोधकाला तिथवर घेऊन जाणे, मुक्कामाची सोय करणे, वही उघडली की शेजारी बसून नावे उतरवून घेणे ही मोलाची भेट ठरते. जाताना आपली आजपर्यंतची माहिती घेऊन जावी आणि त्या वहीत चालू पिढीची नावे घालावीत. यात मुलींची नावे घालायला सांगावे, आपणहून घालतील याची वाट पाहू नये.

पुस्तके द्यायची तर मोजकी द्यावीत. त्रिंबक नारायण आत्र्यांचे १९१५ चे ‘गावगाडा’ हे पहिले. गावातला प्रत्येक हुद्दा, हक्क आणि बलुते त्यात समजते आणि जुने कागद बोलू लागतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड पुण्याचा, १८८५ चा, तीन भागांत. शिरूर आणि भीमथडीची गावे, बाजार, दुष्काळ, सारे त्यात आहे. तो आंतरजालावर मिळतो, पण छापून, बांधून दिला तर वापरला जातो. अडलेल्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश. गो. स. सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड घरी घेण्याची गरज नाही. ग्रंथालयाची वर्गणी भरून द्यावी. कुलवृत्तान्तांची परंपरा मराठीत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती मुख्यत्वे कोकणस्थ घराण्यांची आहे. एखादा कुलवृत्तान्त मांडणीचा नमुना म्हणून चाळावा, पण त्यात लेकी ‘कन्या’ एवढ्या एका शब्दात संपतात, तो नमुना उचलू नये.

कागद सांभाळण्याच्या वस्तू स्वस्त असतात आणि म्हणून कुणी देत नाही. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये. तो कागद पुन्हा मोकळा होत नाही. आम्लरहित कागदाचे फोल्डर द्यावेत. तेही न मिळाल्यास दप्तरखान्यातली जुनी रीत आजही चांगली आहे. खळ काढण्यासाठी दोनदा धुतलेल्या बिनरंगी सुती कापडाचा चौरस तुकडा, म्हणजे रुमाल. कागद सपाट ठेवून त्यात बांधावेत आणि जमिनीपासून उंच, ओल नसलेल्या जागी ठेवावेत. फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत. संगणकावर काम करणाऱ्याला ‘ग्रॅम्प्स’ ही मोफत प्रणाली बसवून द्यावी. तीत देवनागरीत लिहिता येते, आणि दोन लग्ने, दत्तक, पाट सगळ्याला जागा आहे. सोबत माहितीची दुसरी प्रत ठेवायला एक हार्ड डिस्क, जी दुसऱ्याच्या घरी राहील.

एक पथ्य सांगायला हवे. शोधात नको त्या गोष्टी निघतात. कुणाचे खरे आईबाप, कुणाची फसवून घेतलेली जमीन, कुणाची लपवलेली जात. हयात माणसांविषयीचे असे काही त्यांच्या संमतीशिवाय छापू नये. शोधणाऱ्याने लिहून ठेवावे, पण वेगळ्या वहीत.

पुढच्या प्रकरणांत कचेऱ्यांत करायच्या अर्जांचे नमुने, मोडीतल्या नेहमीच्या संक्षेपांचे तक्ते आणि म्हाताऱ्यांना विचारायचे प्रश्न दिले आहेत. त्यांतला मुलाखतींचा भाग आधी उघडावा. कचेरीतले कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील. नव्वदीतल्या मावशीकडे या दिवाळीतच जावे. आणि काम पुरे होऊन वंशावळ छापली गेली की तिच्या पहिल्या प्रती भावकीत वाटण्याआधी लेकींच्या सासरी पाठवाव्यात, ज्या गावांची नावे आहेराच्या वहीत सापडली त्या प्रत्येक गावी एक.